श्वास चालू, पण ऑक्सिजन पोचेना : यवतमाळची २०१७ ची फवारणी विषबाधा

आपल्या जिल्ह्यात कीटकनाशकाला कीटकनाशक कोणी म्हणत नाही. ‘औषध’ म्हणतात. पराटीवर औषध मारायचं, पंपात औषध टाकायचं, आणि कोणी रागाच्या भरात बाटली तोंडाला लावली तर ‘त्यानं औषध घेतलं’. दवाखान्यात आलेले नातेवाईकही हेच सांगतात आणि मग आम्हा डॉक्टरांना विचारावं लागतं, “औषध म्हणजे कोणतं? गोळीचं की फवारणीचं?” या एका शब्दाने आपल्या मनातली विषाची भीती किती कमी केली आहे, याचा विचार करून बघा.

२०१७ च्या खरिपात या ‘औषधाने’ यवतमाळ जिल्ह्यात २० पेक्षा जास्त शेतकऱ्यांचा आणि शेतमजुरांचा जीव घेतला. ८०० हून अधिक लोक दवाखान्यात दाखल झाले. यातल्या बहुतेकांनी काही प्यायलं नव्हतं. ते रोजच्यासारखे पाठीवर पंप घेऊन शेतात गेले होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रुग्ण येत होते, माणसं जात होती. राज्यभर त्याची बातमी झाली ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला.

त्या काळात आणि नंतरही या घटनेवर पुष्कळ लिहिलं गेलं. कंपन्या, कृषी केंद्रं, कृषी खातं, बियाणं, सगळ्यांवर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण शरीराच्या आत नेमकं काय घडलं, माणूस मेला म्हणजे कशाने मेला, हे साध्या भाषेत फारसं कोणी सांगितलं नाही. ‘विष अंगात भिनलं’ एवढ्यावर सगळे थांबतात. खरं कारण आणखी साधं आहे, आणि ते कळलं तर पुढचा माणूस वाचू शकतो. फवारणीच्या या विषांपैकी मोठा गट माणसाला मारतो तो गुदमरवून. म्हणजे शेवटी मृत्यू होतो ऑक्सिजन न मिळाल्याने, तेही मोकळ्या हवेत, भर शेतात.

शरीराची शिल्लक किती?

अन्नाशिवाय माणूस काही आठवडे काढतो, पाण्याशिवाय काही दिवस. ऑक्सिजनची गोष्ट वेगळी आहे, कारण शरीर त्याचा साठा करतच नाही. फुफ्फुसातली हवा, रक्त आणि स्नायू मिळून मोठ्या माणसाच्या शरीरात कोणत्याही क्षणी साधारण दीड लिटर ऑक्सिजन असतो. स्वस्थ पडून राहिलं तरी मिनिटाला पाव लिटर खर्च होतो. हिशेब तुम्हीच करा. शिवाय हा सगळा दीड लिटर वापरता येत नाही.

सगळ्यात मोठा गिऱ्हाईक मेंदू. वजन शरीराच्या अवघं २ टक्के, पण ऑक्सिजनचा २० टक्के वाटा तो एकटा खातो. पुरवठा पूर्ण थांबला तर काही सेकंदांत शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांनंतर मेंदूच्या पेशी मरायला लागतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. म्हणून छातीतलं दुखणं असो, बुडणं असो, फाशी असो की फवारणी असो, आम्ही डॉक्टर पहिल्यांदा श्वास बघतो. बाकीची चौकशी नंतर.

दुखत नाही, हीच अडचण

ऑक्सिजन कमी पडला की माणूस तडफडेल, ओरडेल, असं आपल्याला वाटतं. नेहमी तसं होत नाही. गुदमरल्याची जी भावना येते, ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याने येते. ऑक्सिजन कमी होत असताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहिला, तर माणसाला कळतही नाही.

हे जगाला फार महागात समजलं. १५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तीन जण आकाशात चढले: तिसांदिए, सिवेल आणि क्रोसे-स्पिनेली. बरोबर ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या. ८,००० मीटरच्या आसपास पोचल्यावर त्यांना ऑक्सिजनची गरज होती, नळी हाताच्या अंतरावर होती, पण हात उचलेना. त्रास तर काही वाटत नव्हता, उलट एक प्रकारचा आनंदच वाटत होता, असं वाचलेल्या तिसांदिएने नंतर लिहिलं. बाकीचे दोघे वरच मेले. पॉल बेअर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने ‘तुमचा ऑक्सिजन पुरणार नाही’ असं पत्र त्यांना पाठवलं होतं. ते वेळेवर पोचलं नाही.

कोरोनात आपण हेच पाहिलं. ऑक्सिमीटरवर ७५ आकडा आणि माणूस मोबाईलवर बोलतोय. तेव्हा ‘हॅपी हायपॉक्सिया’ हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला. प्रकार मात्र जुनाच होता.

गावाकडची विहीर हाही याच जातीचा धोका. गाळ काढायला एक जण उतरतो, खाली जड वायू साचलेला असतो, तो कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. एकाच विहिरीत तीन-चार मृतदेह, अशा बातम्या महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात येतात. खाली उतरलेल्याला वास येत नाही, धाप लागल्याचं कळायच्या आत शुद्ध जाते. दोर न बांधता मागोमाग उतरणं म्हणजे मरणाच्या रांगेत उभं राहणं आहे.

चार वाटा

१९२० मध्ये इंग्लंडच्या जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी ऑक्सिजनच्या तुटवड्याचे तीन प्रकार सांगितले. पुढे अमेरिकेत पीटर्स आणि व्हॅन स्लाइक यांनी चौथा जोडला. शंभर वर्षं झाली, आजही वैद्यकीय महाविद्यालयात हेच चार शिकवतात. मी रुग्णांना ते गाडीच्या भाषेत सांगतो.

पहिला प्रकार, माल आलाच नाही: विहिरीतली हवा, उंच पर्वत, न्यूमोनियाने भरलेलं फुफ्फुस, बंद पडलेला श्वास. दुसरा, माल आहे पण वाहून न्यायला गाड्या कमी. हिमोग्लोबिन म्हणजे या गाड्या. आपल्या जिल्ह्यात बाळंतिणींचा ॲनिमिया आणि आदिवासी भागातला सिकलसेल ही याची घरातली उदाहरणं. तिसरा, गाड्या आहेत पण रस्ता बंद: हृदयविकाराचा झटका, शॉक, गुठळी.

चौथा सगळ्यात विचित्र. माल दारात येऊन पडला आहे, पण घरातली चूल पेटत नाही. रक्तात ऑक्सिजन भरपूर, पेशीला तो वापरताच येत नाही. सायनाइड हे याचं पुस्तकातलं उदाहरण. अशा रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ९८ येऊ शकतो आणि माणूस मरत असतो. यवतमाळच्या गोष्टीत पहिली आणि चौथी अशा दोन्ही वाटा येतात. म्हणून हा सगळा पसारा मांडला.

हे विष आलं कुठून

१९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडे मारणारं नवं रसायन शोधत होता. १९३६ मध्ये त्याला जे सापडलं ते इतकं जहाल निघालं की शेतीसाठी निरुपयोगी आणि सैन्यासाठी उपयोगी ठरलं. त्याचं नाव टॅबून. युद्धातले नर्व्ह गॅस आणि शेतातली ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं ही अशी एकाच घरातली भावंडं आहेत. पुढे श्राडरनेच पॅराथिऑन तयार केलं. युद्ध संपल्यावर ते जगभरच्या शेतात गेलं आणि भारतात ‘फॉलिडॉल’ या नावाने आलं. जुन्या माणसांना हे नाव अजून आठवतं. आत्महत्येच्या बातमीत ते हमखास असायचं.

१९५८ मध्ये केरळात एक भयंकर प्रकार झाला. जहाजातून आलेल्या धान्याच्या मालात फॉलिडॉल सांडलं होतं आणि त्याच मालाचे खाद्यपदार्थ लोकांनी खाल्ले. १०० हून अधिक माणसं मेली. चौकशी आयोग बसला, आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, देशाचा कीटकनाशक कायदा आला. १९७१ मध्ये नियम आले. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे, हातमोजे, तोंडावर मास्क मिळायला हवेत, हे त्या नियमांत तेव्हापासून लिहिलेलं आहे. आपल्या भागात एखाद्या धुऱ्यावर उभं राहून बघा, काय दिसतं. बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि तोंडाला रुमाल. रुमालाने धूळ अडते. विषाचे बारीक थेंब त्यात मुरतात आणि दिवसभर नाकाशी राहतात.

आत काय घडतं

आपली नस स्नायूला हुकूम देते तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. हुकूम पोचला की कोलीनएस्टरेज नावाचं एन्झाइम ते रसायन लगेच साफ करतं, म्हणून स्नायू आकुंचन पावतो आणि पुन्हा सैल होतो. ऑरगॅनोफॉस्फेट या सफाई कामगारालाच बांधून टाकतं. मग हुकूम साचत जातात. आधी सगळ्या ग्रंथी वाहू लागतात: लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, लघवीवर ताबा नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. अंगावरचे स्नायू कातडीखाली किडे वळवळावेत तसे फडफडतात.

आता श्वासाचं काय होतं बघा. श्वासनलिकांतही पाणी सुटतं आणि त्याच वेळी त्या आकसतात. म्हणजे आधीच अरुंद झालेल्या नळीत चिखल. छातीत घरघर वाजते ती याचीच. त्यानंतर सतत हुकूम ऐकून थकलेले श्वासाचे स्नायू लुळे पडतात, श्वासाचा पडदाही हलेनासा होतो. तिकडे मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावलेलं असतंच. तीन बाजूंनी एकदम कोंडी होते. भोवती विदर्भाचं मोकळं आकाश, आणि माणूस पाण्यात बुडावा तसा स्वतःच्याच पाण्यात बुडतो.

तेच वर्ष का?

फवारणी आपल्याकडे २०१७ ला सुरू झाली नाही. मग त्याच वर्षी एवढी माणसं का गेली? एक कारण सांगून मोकळं होणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. अनेक गोष्टी एकत्र आल्या.

बीटी कपाशी देशात अधिकृतपणे आली २००२ मध्ये. बोंडअळीसाठी फवारणी कमी होईल असं सांगितलं गेलं आणि सुरुवातीची काही वर्षं तसं झालंही. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या विषाला दाद देणं बंद केलं, आणि २०१७ ला ती विदर्भात जोरात आली. ही अळी बोंडाच्या आत बसते. वरून कितीही फवारा, आत पोचत नाही. मग शेतकरी काय करतो? जास्त फवारतो, लवकर लवकर फवारतो आणि दोन-तीन औषधं एकत्र करून फवारतो. कृषी केंद्रावाला जे देईल ते.

त्यात त्या वर्षी अनेक ठिकाणी पराटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि दाट झाली होती. कमरेएवढ्या पिकावर फवारणं आणि डोक्याएवढ्या पिकात शिरून वर तोंड करून फवारणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुषार उलटून अंगावरच येतो. चार्जिंगचे पंप नवे आले होते. हाताच्या पंपापेक्षा त्यांचा फवारा बारीक आणि जोराचा, आणि दांडा मारायचे कष्ट नसल्याने माणूस दिवसाला जास्त पंप मारतो. रोजंदारीवरच्या मजुराला दिवसाचे जितके पंप तितका फायदा. एका दिवसात त्याच्या अंगावर किती विष पडलं, हे कोण मोजणार?

आणि कातडी. लोकांना वाटतं, पोटात गेलं तरच विष. पॅराथिऑनवर झालेला एक जुना प्रयोग आम्हा डॉक्टरांना माहीत असतो. तेच द्रावण शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या कातडीतून साधारण ९ टक्के, डोक्याच्या कातडीतून सुमारे ३२ टक्के, आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळं. आता पाठीवरचा गळका पंप डोळ्यांसमोर आणा. द्रावण पाठीवरून ओघळतं, कमरेला येतं, चड्डी भिजते आणि ती ओली चड्डी संध्याकाळपर्यंत अंगावर असते. घामाने कातडी आधीच मऊ झालेली असते. प्यायल्यासारखा झटका येत नाही, विष हळूहळू आत जात राहतं. रात्री मळमळतं, डोकं दुखतं, घाम येतो. घरचे म्हणतात, “ऊन लागलं असंल, झोप.”

त्या वर्षी डॉक्टरांपुढची अडचण वेगळीच होती. रुग्णाच्या अंगात एक विष नव्हतं. पुढे सरकारने ज्या पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशिम या जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी घातली, ती यादी वाचली की हे कळतं. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट आणि प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण: यांतली ऑरगॅनोफॉस्फेटं वर सांगितल्याप्रमाणे श्वास कोंडतात आणि त्यांना ॲट्रोपिन हा उतारा आहे. फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण: फिप्रोनिलने झटके येतात, ॲट्रोपिनचा त्यावर उपयोग नाही. आणि डायफेन्थियुरॉन. हे किड्याच्या पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतं. म्हणजे ऑक्सिजनच्या चौथ्या वाटेचं, न पेटणाऱ्या चुलीचं हे विष. याला ठरावीक उतारा नाही. असं मिश्रण अंगात घेऊन माणूस आला आणि बाटली घरीच राहिली, तर डॉक्टर अंदाजानेच चालणार.

यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे जिल्ह्याचं मोठं रुग्णालय. तिथे त्या वेळी रक्तातलं कोलीनएस्टरेज मोजायची सोय नव्हती. ती तपासणी झाली की विष ऑरगॅनोफॉस्फेटचं आहे का आणि किती, हे ठरवायला मोठी मदत होते. तरीही उपचार तपासणीसाठी थांबत नाहीत. बाहुल्या, लाळ, घाम आणि छातीची घरघर बघून ते लगेच सुरू करता येतात आणि तिथल्या डॉक्टरांनी तेच केलं.

उपचार कसे सापडले

ॲट्रोपिन जुनं औषध आहे. आपल्या बांधावरच्या धोत्र्यात याच कुळातली द्रव्यं असतात. (म्हणून कोणी धोत्रा देऊ नका. त्याची मात्रा मोजता येत नाही आणि तो स्वतःच विषारी आहे.) ॲट्रोपिन छातीतलं पाणी सुकवतं. छाती कोरडी होईपर्यंत ते देत राहायचं, भले शंभर इंजेक्शनं लागोत. नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, एकच इंजेक्शन किती वेळा देता?” उत्तर हेच.

पण ॲट्रोपिन लुळा पडलेला स्नायू जागा करत नाही. तिथे श्वास बाहेरून द्यावा लागतो आणि ही युक्ती पोलिओने शिकवली. १९५२ मध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडॅम हॉस्पिटलात पोलिओची इतकी मुलं आली की पहिल्या तीन आठवड्यांत श्वासाचा लकवा झालेल्या ३१ पैकी २७ रुग्ण दगावले. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशाला छिद्र करून नळी घातली आणि हाताने पिशवी दाबून श्वास दिला. मग शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आजचा आयसीयू त्या वॉर्डातून जन्मला. १९५६ मध्ये त्याच देशात ती प्रसिद्ध आपोआप फुगणारी अंबू बॅग तयार झाली. सरकारी दवाखान्यात व्हेंटिलेटर रिकामा नसेल तेव्हा रुग्णाच्या उशाशी बसून भाऊ किंवा मुलगा जी पिशवी दाबत असतो, ती हीच.

तिसरी गोष्ट शेजारच्या श्रीलंकेने शिकवली. १९८७ मध्ये सेनानायके आणि करालियद्दे या डॉक्टरांनी लिहिलं की सुरुवातीचा त्रास ओसरल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, काही रुग्णांच्या मानेचे, हातापायांच्या वरच्या भागाचे आणि श्वासाचे स्नायू अचानक लुळे पडतात. याला ‘इंटरमीडिएट सिंड्रोम’ म्हणतात. रुग्ण बोलतोय, चहा पितोय, ‘घरी न्या’ म्हणतोय आणि तिसऱ्या दिवशी पहाटे श्वास थांबतो. पहिली खूण साधी आहे: उताणं झोपून उशीवरून डोकं उचलता येत नाही.

आणि चौथी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली, फारशी कोणाला माहीत नसलेली. विषाच्या तावडीतून कोलीनएस्टरेज सोडवणारं ‘पॅम’ नावाचं इंजेक्शन असतं. ते किती आणि कसं द्यावं यावर जगभर वाद आहे. बारामतीच्या एका रुग्णालयात डॉ. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवर अभ्यास केला. अधूनमधून इंजेक्शन देण्यापेक्षा मोठ्या मात्रेत सलग सलाईनमधून दिलं, तर मृत्यू ८ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले आणि कृत्रिम श्वासाची गरजही कमी लागली. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो छापून आला. तालुक्याच्या गावातलं काम जगातल्या पहिल्या रांगेच्या नियतकालिकात! नंतर २००९ मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासात पॅमचा फायदा दिसला नाही, त्यामुळे प्रश्न पुरता मिटलेला नाही. त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे: ऑक्सिजन, ॲट्रोपिन आणि वेळेवर कृत्रिम श्वास.

नंतर काय झालं

ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारने मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर केले आणि अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं. त्या पथकाने मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस केली. यवतमाळ आणि अकोल्याला व्हेंटिलेटरसह अतिदक्षता सोय आणि कोलीनएस्टरेजची तपासणी हवी, असंही सुचवलं. मोनोक्रोटोफॉस हे तेच, ज्याने २०१३ मध्ये बिहारच्या गंडामन गावात शाळेच्या जेवणातून २३ मुलांचा बळी घेतला. भाजीपाल्यावर ते वापरायला २००५ पासून बंदी होती. आपण कपाशीवर मारत होतो. त्याच्या नेहमीच्या ३६ टक्के द्रावणावर देशभर बंदीची अधिसूचना निघाली ती २०२३ मध्ये. किती वर्षं गेली ते मोजा.

मधल्या काळात कोरोना आला. एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमला गेलेली देशातली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस भरून नागपूरला आणि तिथून नाशिकला आली. त्याच आठवड्यात, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्ण गेले. त्या वर्षी ऑक्सिजन म्हणजे काय, हे सगळ्या महाराष्ट्राला कळलं. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत ऑक्सिजन प्लांट उभे राहिले आणि घराघरांत ऑक्सिमीटर आला.

पण याच ऑक्सिमीटरमुळे एक नवी चूक होऊ लागली आहे. फवारणीनंतर अस्वस्थ वाटणाऱ्या माणसाच्या बोटाला तो लावतात, ९७ दिसतं आणि निश्चिंत होतात. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शोधलेलं हे यंत्र उत्तम आहे, पण ते फक्त रक्तातल्या गाड्या भरलेल्या आहेत की नाही तेवढं सांगतं. श्वासाचे स्नायू दोन तासांनी थकणार आहेत हे त्याला कळत नाही. पेशीची चूल पेटते आहे की नाही हे तर मुळीच कळत नाही. सावळ्या कातडीवर ते कधी कधी आकडा थोडा वाढवूनही दाखवतं. फवारणीच्या रुग्णात आकडा खाली येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

तेव्हा या हंगामात तुमच्या घरी, शेजारी, सालगड्याला किंवा मजुराला फवारणी करताना किंवा त्या रात्री मळमळ, खूप घाम, लाळ, धूसर दिसणं, छातीत घरघर, अंग फडफडणं यातलं काहीही झालं, तर ‘ऊन लागलं’ म्हणू नका. आधी शेताबाहेर मोकळ्या जागी आणा. सगळे कपडे काढा, चड्डीसकट, लाजू नका. साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा, केस आणि जांघा विसरू नका. धुणाऱ्याने हातात निदान प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. दूध, तूप, मिठाचं पाणी काही पाजू नका, उलटी करवू नका. बेशुद्ध वाटला तर डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे लाळ घशात जाणार नाही. १०८ ला फोन करा. आणि जितकी औषधं पंपात टाकली होती तितक्या सगळ्या बाटल्या आणि पाकिटं एका पिशवीत बांधून बरोबर द्या. मिश्रण मारलं असेल तर एकच बाटली आणून उपयोग नाही.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तो उठून बसला, नाश्ता मागू लागला, घरी कामं पडली आहेत म्हणाला, तरी डॉक्टर सोडत नाहीत तोवर सुट्टी मागू नका. चार दिवस नजरेखाली राहू द्या. रोज सकाळी त्याला उताणं झोपवून मान उचलायला सांगा. उचलता आली नाही किंवा आवाज घोगरा, बारीक वाटला, तर त्याच क्षणी नर्सला हाक मारा.